कारखान्यातल्या ट्रेनिंगचा स्वतःचा व्यवसाय सुरू करायचाय, सल्ला हवा

इंद्रायणीकाठी:
नमस्कार मंडळी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ११ वर्षं काढली, आधी क्वालिटीत, मग ट्रेनिंगमध्ये. आमचा सेफ्टीचा ई-लर्निंग कोर्स सगळा इंग्रजीत आहे. कंत्राटी पोरं तो मोबाइलवर लावतात आणि चहा पिता पिता अंगठ्याने 'नेक्स्ट' दाबत सुटतात. पंधरा मिनिटांत सर्टिफिकेट! गेल्या महिन्यात त्यातल्याच एकाचं बोट प्रेसमध्ये गेलं. तेव्हापासून चैन नाही. मराठी-हिंदीत, खरोखर कामाला येईल असं ट्रेनिंग बनवून लहान कारखान्यांना द्यायचं मनात आहे. स्टोरीलाइनचं (ई-लर्निंग कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर) लायसन्स आत्ताच घेऊ का? दर कसा लावायचा? आणि नोकरी लगेच सोडावी का?

कोथरूडकर:
ताई, १४ वर्षं हेच काम करतोय, म्हणून सविस्तर लिहितो. लायसन्स आत्ता नको. त्याचे पैसे दरवर्षी भरावे लागतात आणि लहान कारखान्यात बहुतेक वेळा एलएमएस, म्हणजे कोर्स चालवून कोणी काय पुरं केलं याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअरच नसतं. दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ करा, त्याच मशीनवर, त्याच ऑपरेटरला घेऊन, आणि क्यूआर कोड मशीनशेजारी चिकटवा. नोंद ठेवायची असेल तर मूडल हे तसलं सॉफ्टवेअर फुकट आहे. २००२ पासून चालू आहे, भरवशाचं आहे.

मोठं गिऱ्हाईक मिळालं तर पहिल्याच बैठकीत विचारा, स्कॉर्म (कोर्स एलएमएसला जोडायचं ठरलेलं मानक) कुठलं? अजूनही पुष्कळ ठिकाणी १.२ चालतं. त्यात कोर्स कुठवर झाला हे लक्षात ठेवायला ४०९६ अक्षरांचीच जागा असते. मी एकदा दीड तासाचा एकसलग कोर्स दिला. माणसं अर्ध्यावर उठायची आणि परत आल्यावर पुन्हा पहिल्या स्लाइडवर. रात्री अकराला फोन यायचे. तेव्हापासून सगळं तुकड्यांत देतो.

दर स्लाइडच्या संख्येवर लावू नका. स्क्रिप्ट, शूटिंग, एडिटिंगचे तास धरा आणि दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच, हे कोटेशनमध्ये लिहा. स्क्रिप्टवर सही झाल्याशिवाय आवाज रेकॉर्ड करू नका, एक शब्द बदलला तरी स्टुडिओ पुन्हा घ्यावा लागतो.

एक विचारतो, राग मानू नका. त्या प्रेसला दोन्ही हातांची बटणं, म्हणजे दोन्ही एकदम दाबल्याशिवाय मशीन चालत नाही अशी, होती ना? मग बोट आत गेलंच कसं? हे कळेपर्यंत कोर्सची एक ओळही लिहू नका.

एचआरवाली_ठाणे:
वरच्या शेवटच्या प्रश्नाला +१. मी खरेदीच्या बाजूने बोलते. आम्हाला रोज पाच व्हेंडर 'इंटरॅक्टिव्ह' म्हणून तेच दाखवतात. कोर्स किती जणांनी पुरा केला हा आकडा ऑडिटपुरता ठीक, पण प्लँट हेडला त्याचं काही नसतं. तुम्ही क्वालिटीतल्या आहात, हेच तुमचं भांडवल. एका लाइनचं रिजेक्शन (नापास झालेला माल) ट्रेनिंगआधी महिनाभर आणि नंतर तीन महिने मोजून दाखवा, दुसरी ऑर्डर मागावी लागणार नाही.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधी करून घ्या. एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, बिलावर नोंदणी क्रमांक असला की अकाउंट्सवाले जरा हलतात. तरी ४० टक्के आगाऊ घ्याच. सेवांना जीएसटी वर्षाला २० लाखांच्या वर गेल्यावर लागतो, पण मोठ्या कंपन्या नंबर आधीच मागतात. सध्याच्या कारखान्याचे फोटो किंवा एसओपी (कामाच्या लेखी पद्धती) मात्र अजिबात वापरू नका. आणि नोकरी दोन गिऱ्हाइकं हातात आल्यावर सोडा.

इंद्रायणीकाठी:
दोघांचे मनापासून आभार. कोथरूडकर, काल सेकंड शिफ्टला जाऊन बघून आले. जुनी प्रेस आहे. बटणं दोन आहेत, पण डावं पॅकिंगच्या टेपने दाबून बांधलेलं. टेपवर टेप, किती महिन्यांची कोण जाणे. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, दोन्ही हात लावले तर तासाचं टार्गेट निघत नाही." कोर्समध्ये दोन्ही बटणं दाबायची हे त्याने वाचलेलं होतं, उत्तरही बरोबर दिलेलं होतं.

टेप काढायला लावली. टार्गेटचं बोलायला सोमवारी प्लँट हेडकडे जाते आहे.