मदत हवी आहे: गच्चीखालची खोली, पश्चिमेची भिंत, गाव अकोला. एसी दीड टन की दोन?

आईबाबांच्या झोपायच्या खोलीत एसी बसवायचाय. मी पुण्यात असतो, त्यामुळे चौकशी सगळी फोनवर चालली आहे. एक दुकानदार म्हणतो, "१६८ स्क्वेअर फूट ना? डोळे मिटून दीड टन घ्या." दुसरा म्हणतो, "वरचा मजला हाय, दोनच टाका, मंग मले म्हनू नका." दोघांनीही खिडकी कुठल्या दिशेला आहे हे विचारलं नाही.

खोली १२ बाय १४, उंची १० फूट. वर थेट गच्ची, दुपारी अनवाणी पाय ठेवायची सोय नाही. पश्चिमेची भिंत नऊ इंची, तिच्यात चार बाय पाचची साध्या काचेची खिडकी, वरचा सज्जा जेमतेम दीड फुटाचा. उत्तरेची भिंतही बाहेरची. झोपायला दोघं, सुट्टीत भाची आली की तिघं.

मार्च ते मे कूलर झकास चालतो, त्याबद्दल तक्रार नाही. नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत) मात्र रात्री अकरालाही पंखा लावला की स्लॅबची धग अंगावर येते. आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कूलर नुसती ओल फेकतो, चादरी चिकट होतात. बाबांचा एसीला मुळातच विरोध ("बिल कोण भरन?"), म्हणून उगाच मोठा घ्यायचा नाही. पण ४५ अंशांत धापा टाकणाराही नको.

नागपुरी संत्री: टन बघू नका, स्टार लेबलवर कूलिंग किती वॅट लिहिलंय ते बघा. १ टन म्हणजे साधारण ३५०० वॅट, त्या हिशेबाने दीड टन ५२०० च्या पुढे जायला हवा. बाजारात 'दीड टन' नावाने ४८०० चाही मिळतो. शिवाय हा आकडा बाहेर ३५ अंश धरून काढलेला असतो. आपल्याकडे ३५ म्हणजे थंडावा! ४५ ला त्यातला दहावा हिस्सा तरी गेला समजा. एसीचं आउटडोअर (बाहेरचं युनिट) पश्चिमेला अजिबात लावू नका. तुमच्याकडे उत्तरेची भिंत आहे, तिथे मोकळ्या हवेत लावा.

ठाणेकर: आमच्याकडे मधल्या मजल्यावर एवढ्याच खोलीला १ टन पुरतो, त्यामुळे दोन टन ऐकून दचकलो. गरजेपेक्षा मोठा एसी खोली पटकन गार करतो आणि थांबतो. हवेतलं पाणी काढायला त्याला चालत राहावं लागतं, ते होत नाही. मग खोली गार पण चिकचिकीत. इन्व्हर्टर एसी कॉम्प्रेसरचा वेग कमी करतो हे खरं, पण त्यालाही खालची मर्यादा असते. तुमची निम्मी तक्रार जूनची आहे, म्हणून हे महत्त्वाचं.

हिशेबनीस: ढोबळ हिशेब मांडतो, मे महिन्याच्या संध्याकाळी पाचचा. स्लॅबमधून दीड किलोवॅटच्या आसपास. पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन, पाऊण ते एक किलोवॅट. दोन बाहेरच्या भिंती मिळून पाऊण. आतल्या भिंती, दाराच्या फटी, माणसं, पंखा, टीव्ही मिळून आणखी एक-सव्वा. बेरीज साडेचारच्या घरात जाते. ५२०० वॅटचा एसी उन्हात साडेचार-पावणेपाच देईल, म्हणजे अगदी काठावर. म्हणूनच एक दुकानदार दीड म्हणतो आणि दुसरा दोन. दोघंही खोटं बोलत नाहीत.

पण या बेरजेतला अर्धा भाग स्लॅब आणि खिडकीचा, तो एसी न बदलता कमी करता येतो. गच्चीवर फेविकॉल मिसळलेल्या चुन्याचे दोन हात मारा, चुना पावसाने जातो, दरवर्षी मारावा लागेल. कायमचं हवं असेल तर चायना मोझॅक (पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर). खिडकीला बाहेरून हिरवी जाळी किंवा बांबूचा पडदा लावा. आतला पडदा फारसा उपयोगी नाही, ऊन काचेतून आत आलं की उष्णता आतच राहते. एवढं केलंत तर किलोवॅटभर सहज उतरेल आणि दीड टन आरामात चालेल. नसेल करायचं तर दोन टन घ्या, पण बिलाबद्दल बाबांशी तुम्हीच बोला.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. बाबांना चुन्याचं सांगितलं तर म्हणाले, "हे तर मी दहा वर्षांपासून म्हणतोय." त्यामुळे गच्ची आणि जाळी नक्की, एसी ५२०० वॅटच्या वरचा दीड टन इन्व्हर्टर. तीन स्टार की पाच?

नागपुरी संत्री: लेबलवरची वर्षाची युनिट्स १६०० तास चालवणं धरून असतात. तुमच्याकडे दिवसा कूलर, रात्री एसी, मार्च ते मेमध्ये बहुधा कमीच तास. दोन्ही लेबलांवरच्या युनिटांतला फरक घ्या, तुमच्या तासांच्या प्रमाणात कमी करा, तुमच्या दराने गुणा आणि किमतीतला फरक किती वर्षांत फिटतो ते बघा. सात-आठ वर्षं निघाली तर तीन स्टार पुरे.

हिशेबनीस: आणि त्या खोलीतलं वायरिंग जुनं असेल तर पंख्याच्या लाइनवर एसी जोडू देऊ नका. मेन बोर्डापासून ४ स्क्वेअर एमएमची वेगळी तांब्याची वायर, तिला स्वतंत्र एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. संध्याकाळी व्होल्टेज किती पडतं ते वायरमनकडून मोजून घ्या, स्टॅबिलायझर लागतो की नाही ते त्यावरून ठरेल.