तोंड कोरडं म्हणून आग, की आगीमुळे कोरडं वाटतं?

सातारकरीण: वय 57, पाळी जाऊन सहा वर्षं झाली. सात महिने जिभेचा शेंडा आणि टाळू भाजल्यासारखी वाटतेय. घाईत गरम चहा प्यायल्यावर होतं ना, तसं, फक्त ते उतरत नाही. सकाळी उठल्यावर काही नसतं, अकरानंतर सुरू होतं आणि रात्री मालिका बघताना कळस. तोंड सारखं सुकल्यासारखं वाटतं, तांब्या हाताशीच असतो. दाताच्या डॉक्टरांना जीभ अगदी स्वच्छ दिसली. घरचे म्हणतात, मनाचं आहे. गंमत म्हणजे ताक-भात खाताना आग थांबते! लाळेची जेल लावली. कोरडं कमी वाटलं, आग तशीच.

दंतवैद्य_मिरज: ताई, मनाचं नाही. लाळ खरंच कमी असणं वेगळं आणि कोरडं वाटणं वेगळं. काही न चघळता 15 मिनिटं लाळ वाटीत पडू द्या. मिनिटाला 0.1 मिलीपेक्षा कमी असेल तर खरा कोरडेपणा. मग घोटभर पाण्याशिवाय भाकरी उतरत नाही. डोळेही खुपत असतील तर शोग्रेन्सची (लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर हल्ला करणारा आजार) तपासणी हवी. बर्निंग माउथ सिंड्रोममध्ये, म्हणजे तोंडात काही न दिसता आग होत राहते त्यात, लाळ बहुतेकदा ठीक असते, संवेदना नेणाऱ्या नसाच चुकीचा निरोप देतात. पण ते नाव द्यायच्या आधी बी12, फेरिटिन (लोहाचा साठा), साखर, थायरॉइड बघा. गोळ्या कोणत्या चालू आहेत?

तिखटजाळ: सुपारी खाता का? माझे काका खायचे; त्यांची आग तिखट खाताना व्हायची, हळूहळू तोंडच उघडेना.

लेक_नाशिकची: आईला आगीसाठी अमिट्रिप्टिलिन दिली. आग थोडी उतरली, पण तोंड कापूस कोंबल्यासारखं! मग डॉक्टरांनी क्लोनाझेपाम दिली, तोंडात तीन मिनिटं धरून थुंकायची. ती लागू पडली. मनाने मात्र घेऊ नका.

सातारकरीण: सुपारी कधीच नाही. बीपीला एनालाप्रिल, दीड वर्ष.

दंतवैद्य_मिरज: त्या गटातल्या गोळ्यांनी क्वचित जीभ जळते. स्वतःहून बंद करू नका, पण लिहून देणाऱ्या डॉक्टरांना हे सांगाच.

सातारकरीण: सांगते. आज वाटीचा प्रयोग केला. नातू विचारत होता, आजी रुसून थुंकतेय का? खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजलं, 15 मिनिटांत बरोबर 5 मिली. म्हणजे लाळ आहे की हो! बी12ला उद्या जाते.