मिरजेचा स्टॉपर, वय १६: पुढं कसं जायचं?

कृष्णाकाठ: भाचा मिरजेचा, दहावी झालाय. फुटबॉलमध्ये स्टॉपर (मधला बचावपटू) खेळतो, उंची ५ फूट ९ इंच, उजव्या पायाचा, पळायला चपळ. ताईला अकरावी सायन्स हवंय, त्याला पुण्या-मुंबईच्या ट्रायल. एक 'एजंट' ट्रायल लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागतोय. बॅकच्या जागेवर खरंच करिअर होतं का?

मागची_फळी: होतं, पण आधी जागा बदला. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) २०२१-२२ पासून मैदानावर चारच परदेशी चालतात, तरी त्यातला एक बहुतेक संघ मधल्या बचावातच लावतात. उरलेल्या जागेला भारताच्या संदेश झिंगनसारखे सहा फुटांच्या वरचे उभे असतात. ५-९ च्या पोरानं उजवा साइड बॅक शिकावा, स्टॉपर ही दुसरी जागा ठेवावी. राहुल भेके दोन्हीकडे खेळतो. २०१९ च्या आयएसएल फायनलला जादा वेळेत कॉर्नरवर हेडरनं बंगळुरूला जिंकून दिलं ते त्यानंच.

ट्रायलला पोरं टॅकल दाखवायला जातात आणि तिथंच फसतात. विंगर (कडेनं चढणारा खेळाडू) समोर आला की दीड-दोन मीटरवर थांबायचं, अंग अर्धं वळवून, आणि त्याला टचलाइनकडे ढकलायचं. सरळ छाती करून उभं राहिलं की तो कुठल्याही बाजूनं निघतो आणि वळेपर्यंत आपण दोन पावलं मागं पडतो. स्लाइड अगदी शेवटी. बॉक्समध्ये गोलची स्पष्ट संधी असताना बॉलसाठी गेलात आणि चुकलात तर पेनल्टी आणि यलो. शर्ट ओढून पाडलंत तर पेनल्टी आणि थेट रेड.

दुसरी खोड म्हणजे नुसतं बॉलकडं बघणं. क्रॉस पलीकडून येत असताना मागच्या खांबाकडे घुसणारा माणूस दिसलाच पाहिजे, दर दोन-तीन सेकंदांनी मान वळवायची. आणि तोंड उघडायचं! बचावाची फळी वर चढताना आपला एक जण मागं राहिला की समोरचा ऑफसाइडमध्ये सापडत नाही. अनोळखी पोरांच्या ट्रायलमध्ये आधी गोलकीपरचं नाव विचारून घ्यावं, 'चढा', 'मागं माणूस' एवढं ओरडलं तरी प्रशिक्षक वहीत नाव लिहितो.

पंचनामा: त्या एजंटला एक रुपया देऊ नका. त्याचा फिफा परवाना क्रमांक मागा, पुढचं उत्तर तोच देईल. १८ च्या आतल्या मुलाशी करार करायला पालकांची लेखी संमती लागते. क्लबशी व्यावसायिक करारही १८ च्या आत तीन वर्षांहून मोठा करता येत नाही. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला या तिन्हींवर नाव आणि तारीख अक्षरशः सारखी हवी. वयाच्या संशयावर चांगली पोरं बाहेर बसलेली असतात. एआयएफएफची (भारतीय फुटबॉल महासंघ) सीआरएस म्हणजे खेळाडूंची नोंदणी क्लबमार्फतच होते, त्यामुळे सही कुठं करतोय ते वाचून करा.

गुडघेदुखी_विभाग: उन्हाळ्यात आपली मैदानं दगडासारखी होतात. लांब स्टडचे बूट तिथं रुततात कमी, पाय मुरगळतात जास्त. आखूड मोल्डेड स्टड घ्या. सरावाआधी फिफा ११+ हा वॉर्म-अप पूर्ण २० मिनिटं: पळणं, ताकद, उड्या, पुन्हा पळणं. त्यातला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम) सगळे गाळतात, तोच गाळू नका. हेडरनंतर एका पायावर उतरताना गुडघा आत झुकला की एसीएल (गुडघ्यातला अस्थिबंध) जातं. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणं म्हणजे ते पुन्हा तोडायची तयारी. झिंगनचा २०१९-२० चा अख्खा मोसम एसीएलच्या दुखापतीतच गेला.

कृष्णाकाठ: आभार. सध्या कोल्हापूरला खेळायला पाठवू का?

मागची_फळी: पाठवा. मिरजेतून रेल्वेनं तासाभराचा प्रवास. केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगमध्ये शाहू स्टेडियमवर भरल्या गॅलरीसमोर थोराड गड्यांना भिडायची सवय लागते, ती शाळेच्या स्पर्धेत लागत नाही. तोटा असा की तिथं दबाव आला की लांब किक मारून मोकळं व्हायची ओढ असते. क्लबला मागून बॉल खेळवणारा बॅक हवाय, म्हणून डाव्या पायाचे २०-२५ मीटरचे पास वेगळे घोटून घ्या.

ताईंना सांगा, अकरावी सोडू नका, पण सायन्सच्या प्रॅक्टिकलमुळे ट्रायलच्या तारखा गाठणं अवघड जातं. कॉमर्स घ्या. आणि तीन-चार पूर्ण सामन्यांचं चित्रीकरण करून ठेवा. नुसत्या टॅकलच्या तुकड्यांवरून तो बॉल नसताना कुठं उभा राहतो ते कळत नाही, आणि बॅकचं तेच बघतात.