मराठी 'अमर चित्र कथा' आणि 'इंद्रजाल कॉमिक्स' : मूळ मुद्रण ओळखणे व किंमत ठरवणे याबाबत मदत हवी आहे

नमस्कार.

माझ्या मामांनी कोल्हापुरात बरीच वर्षे घरगुती वाचनालय चालवले. त्यांच्या पश्चात मामींनी तिथली मुलांची पुस्तके माझ्याकडे सोपवली असून, त्यांत मराठी 'अमर चित्र कथा' आणि 'इंद्रजाल कॉमिक्स' यांचे पुष्कळ अंक आहेत. थोडे अंक सुटे आहेत. बाकीचे मामांनी आठ-दहा अंक एकत्र करून पुठ्ठ्याच्या बांधणीत घालून घेतलेले आहेत. जुनी पुस्तके घेणाऱ्या एका विक्रेत्याने सगळ्या गठ्ठ्याची मिळून एकच किंमत सांगितली, परंतु त्यातला कोणता अंक दुर्मीळ आणि कोणता सर्वत्र मिळणारा, हे त्यालाही सांगता आले नाही. मामींना यातून रास्त मोबदला मिळावा आणि जे खरोखर जपण्यासारखे आहे ते जाणत्या माणसाच्या हाती पडावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

'इंद्रजाल'च्या बाबतीत माझी अडचण तुलनेने कमी आहे. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली आणि १९९० पर्यंत चाललेली ही मालिका नियतकालिक असल्यामुळे अंकावर क्रमांक असतो आणि त्यावरून काळ बराचसा कळतो. वेताळ, मँड्रेक आणि आबिद सुरती यांचा बहादूर अशा तिन्ही नायकांचे अंक माझ्याकडे आहेत. बहादूर १९७६ च्या अखेरीस आला, हेही मला माहीत आहे.

खरा गोंधळ 'अमर चित्र कथे'चा आहे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेतली लोकप्रिय पुस्तके वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा छापली गेली, त्यामुळे हातातले पुस्तक पहिल्या मुद्रणाचे की पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्मुद्रणाचे, हे मुखपृष्ठावरून समजत नाही. पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते आणि 'कृष्ण' हा क्रमांक ११, तर पुढच्या नव्या आवृत्त्यांत त्याच 'कृष्ण'ला ५०१ हा क्रमांक मिळाला, एवढे इंग्रजी पुस्तकांबाबत वाचले आहे. मराठी पुस्तकांना हाच निकष जसाच्या तसा लावावा का? लावता येत नसेल, तर मुद्रणाचा काळ कशावरून ठरवावा?

दुसरा प्रश्न बांधणीचा आहे. सुट्या अंकांना अधिक किंमत येते म्हणून बांधीव खंड उसवावेत, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण माझा विरोध केवळ भावनेपोटी असेल तर तसे स्पष्ट सांगावे. आणि तिसरा प्रश्न अर्थातच किमतीचा.

प्रतिसाद

आपण विकण्याची घाई न करता आधी विचारलेत, हे फार चांगले केलेत. मी बरीच वर्षे मराठी बालसाहित्य जमवत आहे. अनुभवाने जे पक्के झाले आहे तेवढेच लिहितो.

मराठी पुस्तकांसाठी केवळ क्रमांकावर विसंबू नये. मुद्रणाचा काळ ठरवण्याची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे मुखपृष्ठाची आतली बाजू आणि मलपृष्ठ. तिथे मालिकेतल्या इतर पुस्तकांची यादी असेल, तर त्या यादीतले सर्वांत उशिरा निघालेले पुस्तक शोधावे. आपल्या हातातली प्रत त्या पुस्तकाच्या आधी छापलेली असणे शक्य नाही. जाहिरातींचाही असाच उपयोग होतो. 'टिंकल' हे मुलांचे नियतकालिक १९८० मध्ये सुरू झाले, म्हणून ज्या प्रतीत त्याची जाहिरात आहे ती प्रत त्याआधीची म्हणून कोणी विकत असेल तर त्याचे ऐकू नये. प्रकाशकाचा पत्ताही बारकाईने वाचावा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आला. तेव्हा 'मुंबई ४०० ०२६' अशा धर्तीचा पत्ता असलेली प्रत त्यानंतरचीच. उलट बाजूने मात्र हा पुरावा तितका पक्का नाही, कारण पिनकोड आल्यावरही काही काळ जुना पत्ता तसाच छापला गेला असण्याची शक्यता राहते. संकेतस्थळ किंवा ई-मेल छापलेला असेल तर ती प्रत अलीकडचीच, पुढे तपासण्याची गरजच नाही.

याखेरीज रंगांकडे लक्ष द्यावे. सुरुवातीच्या पुस्तकांत खर्चाच्या मर्यादेमुळे चौकटी पिवळा, निळा आणि हिरवा एवढ्याच रंगांत छापल्या जात आणि पूर्ण रंगीत छपाई नंतर आली. आपल्याकडच्या एखाद्या प्रतीत अशी मर्यादित रंगांची पाने दिसली, तर ती प्रत बाजूला काढून ठेवावी आणि तिची प्रत्येक छापील ओळ टिपून घ्यावी. किमतीच्या आकड्यावर चिकटपट्टी किंवा शिक्का मारून वाढीव किंमत दिलेली असेल, तर ती चिकटपट्टी काढण्याचा प्रयत्न करू नये. कागदाचा पापुद्रा तिच्याबरोबर निघून येतो.

बांधणीबद्दल आपले मत बरोबर आहे आणि त्यामागे भावनेपलीकडचे कारण आहे. वाचनालयासाठी बांधताना बाइंडर तिन्ही कडा मशीनवर कापून समान करतो, पाठीला खळ किंवा सरस लावतो आणि बहुतेकदा मूळ पिना काढून दोऱ्याने शिवतो. म्हणजे खंड उसवल्यावर हाती येणारा अंक मूळ सुट्या अंकासारखा राहतच नाही: त्याचा आकार लहान झालेला असतो, पाठीशी शिवणीची भोके असतात आणि खळीमुळे घडीवरचा कागद फाटतो. अशा अंकाला सुट्या अंकाची किंमत कोणी जाणता संग्राहक देणार नाही. उलट सलग क्रमांकांचा, मुखपृष्ठांसह बांधलेला खंड वाचकाला आणि अभ्यासकाला अधिक उपयोगी पडतो. मात्र मुखपृष्ठे शाबूत आहेत का, हे प्रत्येक अंकाचे पाहावे, कारण काही बाइंडर ती काढून टाकत असत.

किमतीविषयी लिहिताना मी मुद्दाम सावध राहतो. अमेरिकेत १९७० पासून जुन्या कॉमिक्ससाठी ओव्हरस्ट्रीटचे छापील दरपत्रक आहे, २००० पासून सीजीसी ही संस्था प्रतीची अवस्था तपासून दहापैकी गुण देते आणि तिने ८.५ गुण दिलेली 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' क्रमांक १ ची १९३८ सालची प्रत २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली. अशा बातम्या वाचून आपल्याकडे लोक वाटेल ते आकडे मागतात. मराठी अंकांसाठी असे कोणतेही सर्वमान्य दरपत्रक नाही. म्हणून ऑनलाइन मागितलेली किंमत पाहू नये, प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत पाहावी आणि तीही त्याच भाषेच्या, त्याच अवस्थेतल्या प्रतीची. इंग्रजी 'इंद्रजाल'चा भाव मराठीला लावणे चूक आहे. मराठी अंक संख्येने कमी उरले असले तरी ते मागणारेही कमी आहेत, त्यामुळे दुर्मीळपणा आणि किंमत यांची इथे नेहमी सांगड बसत नाही.

अवस्था ठरवताना पाने मोजणे पहिले. मधली जोडपाने पिनेतून निसटून हरवतात आणि वरून अंक पूर्ण दिसतो. कोडी सोडवलेली, कुपन कापलेले, चिकटपट्टीने सांधलेले पान, गंजलेल्या पिना, कसर लागलेली पाठ, या सगळ्याने किंमत उतरते. वाचनालयाच्या शिक्क्यानेही उतरते, पण तो पुसण्याचा उद्योग कोणी सुचवला तर नकार द्यावा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आपले मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे सुट्या अंकांपासून सुरुवात केली असून, प्रत्येक प्रतीचा पत्ता, किंमत, यादीतले शेवटचे पुस्तक आणि जाहिराती एका वहीत नोंदवत आहे. मी सर्वांत जुन्या समजत असलेल्या काही 'अमर चित्र कथां'मध्ये 'टिंकल'ची जाहिरात निघाली. मात्र पिनकोड नसलेला पत्ता आणि मर्यादित रंगांची पाने असलेल्या दोन प्रतीही सापडल्या. त्यांची पाने पूर्ण आहेत, फक्त कागद फार पिवळा पडून कडांना मोडू लागला आहे. त्या कशात ठेवाव्यात?

प्रतिसाद

दोन्ही प्रती विक्रेत्याला दाखवण्यापूर्वी सर्व पानांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. हा वर्तमानपत्री कागद आतल्या आम्लामुळेच ठिसूळ होतो. तो पूर्ववत होत नाही, पण ऱ्हासाचा वेग कमी करता येतो. लॅमिनेशन मुळीच करू नये आणि पीव्हीसीच्या पिशव्या टाळाव्यात. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी, मागे आम्लरहित पुठ्ठा, आणि अंक उभे न ठेवता आडवे, उजेडापासून व भिंतीच्या ओलीपासून दूर. डांबराच्या गोळ्या कागदाला लागतील अशा ठेवू नयेत. वहीतल्या नोंदी पूर्ण झाल्या की त्या या धाग्यावर जरूर द्याव्यात. पिनकोड नसलेल्या माझ्याकडच्या प्रतींशी ताडून पाहता येतील.