शेंगा चटणी, कडक भाकरी आणि बीपी : सोलापूरकरांनो, इथं लिहा

उखळमुसळ
काल मंगळवार पेठेतून येताना उखळात कुटल्या जाणाऱ्या शेंगांचा वास आला आणि जुनी पंगत आठवली. तेव्हा चटणी चिमटीनं वाढायचे, आता वाटीनं घेतात. तिथूनच हा धागा सुचला. आजारपणाच्या कहाण्या नकोत, त्या व्हॉट्सॲपवर भरपूर आहेत. बीपी, शुगर आणि हृदयाच्या बाबतीत घरात, दुकानात, लॅबमध्ये, ओपीडीत नेमकं काय चुकतं आणि ते आकड्यांत किती, ते लिहा.

सुरुवात चटणीपासून. पाव किलो भाजून सोललेल्या शेंगा, पंधरा-वीस लसूण पाकळ्या, दोन-तीन चमचे तिखट, जिरं. यात दीड चमचा मीठ पडतं, म्हणजे ८-९ ग्रॅम. तयार चटणी भरते साधारण ३०० ग्रॅम. दोन मोठे चमचे (३० ग्रॅम) घेतले की ०.९ ग्रॅम मीठ पोटात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा नुसत्या तोंडी लावण्यात गेला. मीठ निम्मं केलं तरी चटणी टिकते. ती बिघडते ती तेलाला हवा, ऊन लागून खवट होते म्हणून. थोडी कुटा, झाकण घट्ट लावा. बुरशी लागलेली, काळपट, सुरकुतलेली शेंग मात्र निवडून फेकायची. अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) भाजल्यानं पुरतं जात नाही आणि ते यकृताला घातक.

तराजू
शेंगांना उगाच बदनाम करू नका ओ. त्यातली चरबी बहुतेक असंपृक्त (हृदयाला बरी) आहे, कोलेस्टेरॉल शून्य. (तेलाच्या पिशवीवर "कोलेस्टेरॉल फ्री" छापतात ते पण तसलंच. कुठल्याच वनस्पती तेलात ते नसतं. पाण्याच्या बाटलीवर "हाडं नाहीत" लिहिल्यासारखं.) पण १०० ग्रॅम शेंगदाण्यात ४९ ग्रॅम तेल असतं, हे भाजीत मूठभर कूट घालताना कुणी धरत नाही.

तेल मोजायची सोपी रीत. माणशी महिन्याला अर्धा लिटर. पाच जणांचं घर असेल तर महिन्याला अडीच लिटर. १५ किलोच्या डब्यात साधारण साडेसोळा लिटर मावतं, म्हणजे डबा सहा महिन्यांच्या पुढं जायला पाहिजे. डबा आणला की झाकणावर तारीख लिहा. अडीच महिन्यांत खडखडाट झाला तर माणशी दिवसाला चाळीसेक ग्रॅम तेल चाललंय. मग कुठलं तेल चांगलं हा वाद घालण्यात अर्थ नाही.

बार्शीचा
करडईचं घाण्याचं तेल वापरा, हार्टला एक नंबर. आपल्या भागातलंच पीक.

तराजू
@बार्शीचा फोडणीला बरोबर. संपृक्त चरबी दहा टक्क्यांच्या आसपास, पामतेलात तीच जवळजवळ निम्मी. पण साधी करडई तळणाला, त्यातून त्याच तेलात पुन्हा-पुन्हा तळायला नको. अशी तेलं लवकर ऑक्सिडाइझ होतात. कढईतलं तेल चिकट झालं, फेस बसेना, रंग चहासारखा झाला की ओतून द्यायचं. "थोडं ताजं तेल घालून चालवू" म्हटलं की जुनं तेल नव्यालाही लवकर नासवतं. दुकानदारांसाठी एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम आहे, तेलातले पोलर घटक (तेल तळून बिघडलं की तयार होतात ते) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरच्या गाड्यांवर कोण मोजतंय ते सिद्धरामेश्वरालाच ठाऊक.

पुण्यातला_सोलापूरकर
गड्डा म्हटल्यावर तोंडाला पाणी सुटलं राव 😭 कुणी येलालाय का पुण्याला या आठवड्यात? कडक भाकरी पाहिजे.

आहारवही
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. ज्वारीबद्दल लोकांच्या डोक्यात एक पक्कं बसलंय : "भाकरी खातो, शुगर कशी वाढेल?" वाढते. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सत्तरीच्या जवळ कार्बोहायड्रेट आणि दहा ग्रॅम तंतू. गव्हाच्या कणकेत तंतू जवळपास तेवढेच. मालदांडी ज्वारी चवीला कितीही गोड असली तरी ती औषध नाही. एक मध्यम भाकरी ६० ग्रॅम पिठाची धरली तर २०० कॅलरी. एकदा पिठाचा गोळा काट्यावर ठेवून बघा, बऱ्याच घरांत तो ९० ग्रॅमचा निघतो. म्हणजे "दोनच खातो" म्हणणारे तीन खातात.

कडक भाकरीत फसगत वेगळी. पाणी उडालेलं, वजन हलकं, कुडुमकुडुम करत चार कधी मोडल्या कळत नाही. पोट भरल्याचा निरोप डोक्याला पोचेपर्यंत पाचवी हातात असते. चुरून ताकात किंवा आमटीत भिजवली की दोनात भागतं.

भाकरीचा खरा फायदा म्हणजे ती मैद्याची जागा घेते. सकाळच्या चहाबरोबर खारी, बटर, टोस्ट खाणाऱ्यानं त्याऐवजी अर्धी भाकरी खाल्ली तर फरक पडतो. आणि पीठ चाळून कोंडा गाईला घालू नका.

अर्धं ताट भाजीचं. शेंगा-आमटी ही भाजी धरायची नाही 🙏 मेथी, चुका, अंबाडी, दोडका, गवार, काहीही.

अक्कलकोट_रोड
अंबाडीत तेल किती ओततात ते पण सांगा ताई. वरून लसणाची फोडणी, तेल तरंगतंय.

आहारवही
ते तराजूंच्या डब्यात मोजलं जाईल 😄

सुईटोचणी
लॅबवाला बोलतो. रिपोर्ट हातात आला की लोक फक्त एलडीएलसमोर (वाईट कोलेस्टेरॉल) ठळक अक्षर आहे का बघतात. बऱ्याच ठिकाणी एलडीएल मोजलेलंच नसतं, गणितानं काढलेलं असतं : एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा ट्रायग्लिसराइडचा (रक्तातल्या चरबीचा) पाचवा भाग. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे गणित चालतच नाही.

आपल्याकडं वरचेवर दिसतो तो नमुना असा : एकूण २१०, एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड २५०. एलडीएल निघतं १२५, माणूस खूश. पण एकूणमधून नुसतं एचडीएल वजा करा : १७५. हे नॉन-एचडीएल. ते एलडीएलपेक्षा ३० नं जास्त असलं तर ठीक, इथं ५० नं जास्त आहे. म्हणजे धमनीत घुसणारे बाकीचे कणही भरपूर आहेत. हा नमुना तुपापेक्षा साखर, मैदा, दारू आणि पोटाच्या घेराचा जास्त असतो. "मी तूप बंद केलं तरी ट्रायग्लिसराइड का उतरेना" याचं उत्तर बहुतेक वेळा चहाच्या कपात सापडतं. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे ३५-४० ग्रॅम. गूळ घातला तरी हिशेब तोच.

घेर बेंबीवर नाही मोजायचा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पुरुष ९० सेंमीच्या आत, बाई ८० च्या आत. पँटचा नंबर सांगू नका, पँट पोटाखाली घालता.

आणखी एक. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ६.५ ला मधुमेह धरतात, पण अंगात लोह कमी असेल तर आकडा फुगून येतो. हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईचा ६.६ आला तर उपाशीपोटीची साखरही बघा, मग ठरवा.

होम_मैदान
लिपोप्रोटीन (ए) राहिलं, रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण. आयुष्यात एकदा करायची टेस्ट. ते बहुतेक आईबापाकडून येतं, खाण्यापिण्यानं फारसं हलत नाही. घरात कुणाला पन्नाशीच्या आत झटका आला असेल तर करा.

सुईटोचणी
+१

पूर्वभाग
सगळे ताटावरच बोलायलालाव. विडीचं काय बे? आपल्या गावात हजारो बायका घरी विड्या वळतात आणि तिथंच कुणीतरी म्हणतं, "विडी पानाची असते, सिगारेटीपेक्षा बरी." उलटं आहे. तेंदूचं पान हवा जाऊ देत नाही, विडी विझू नये म्हणून घाईघाईनं, जोरात झुरके मारावे लागतात. निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटीला हार जात नाही. "दिवसाला दोनच" यालाही अर्थ नाही. हृदयाच्या बाबतीत धोका संख्येच्या सरळ हिशेबानं उतरत नाही. दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या निम्म्याजवळ जातो, विसाव्या हिश्श्यावर नाही. कमी करण्यापेक्षा बंद करा.

सोडताना निकोटिनची च्युइंगमसारखी गोळी चघळतात तिथं चूक हमखास होते. मावा खाणारा ती माव्यासारखी रवंथ करतो, थुंकी गिळतो, मग उचकी आणि जळजळ, आणि म्हणतो "आपल्याला सोसत नाही". गोळी सावकाश आठ-दहा वेळा चावायची, तोंडात चुरचुरलं की गालात दाबून ठेवायची, चुरचुर गेली की पुन्हा चावायची. अर्धा तास चालते. पंधरा मिनिटं आधी चहा-कॉफी नको, निकोटिन शोषलं जात नाही. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत विडी लागत असेल तर २ मिलिग्रॅम पुरत नाही, डॉक्टरला ४ बद्दल विचारा. फुकटचा फोन : १८००-११-२३५६.

बार्शीचा
मिसरी पण धरा त्यात. बायकांना तंबाखूबद्दल कुणी विचारतच नाही.

गोळ्याबिळ्या
काउंटरवर रोज दिसतं ते लिहितो, क्रम नाही.

बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद. अहो, ते गोळीमुळं नॉर्मल आलंय.

गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन महिनोन्महिने. ही औषधं अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात. पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या गोळ्यांत सोडियम वेगळंच.

"कमी सोडियमचं मीठ" स्वतःच्या मनानं. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. धडधाकट माणसाला चांगलं, पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यातली बीपीची गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आधी विचारा. सैंधव मीठ हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, त्यात आयोडीन नसतं एवढाच फरक.

रामिप्रिलनं कोरडा खोकला येतो, लोक सहा महिने सिरप पितात. अॅम्लोडिपिननं घोटे सुजतात, लोक किडनी तपासत बसतात. बीपीच्या या दोन्ही गोळ्यांना पर्याय आहेत, डॉक्टरला सांगा.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२ च्या वर. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यानं उन्हाळ्यात बीपी घरी जास्त वेळा बघावं. उठल्यावर चक्कर येत असेल तर डोस कमी करायची गरज असू शकते. त्यावर "मीठ घालून ताक प्या" हा सल्ला शेजाऱ्यांचा असतो.

आहारवही
उपवासाचंही लिहा की! ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) घेऊन दिवसभर निरंकार, संध्याकाळी घाम फुटून थरथर. नाहीतर उलटं, साबुदाणा खिचडीच्या दोन बश्या. साबुदाणा म्हणजे शुद्ध पिष्ट. उपवासाच्या दिवशीचा डोस आदल्या दिवशी विचारून ठेवायचा.

होम_मैदान
घरी बीपी बघणाऱ्यांसाठी. चहा, तंबाखू, व्यायाम यानंतर अर्धा तास थांबा. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प. बोललं तरी आकडा चढतो, म्हणून मोजताना सुनेला हाक मारायची नाही. दंड छातीच्या पातळीला, टेबलावर. पट्टा बारीक असेल तर जाड दंडावर बीपी खोटंच जास्त दिसतं. फुगणारा भाग दंडाच्या ८० टक्के तरी वेढणारा हवा. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, सात दिवस. पहिला दिवस टाकून बाकीची सरासरी. घरच्या सरासरीला १३५/८५ ही रेघ, दवाखान्यातली १४०/९०.

चालणं : आठवड्याला १५० मिनिटं. वेग असा की बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. सिद्धेश्वर तलावाच्या काठानं गप्पा मारत, फोटो काढत केलेली फेरी यात बसत नाही 🙂 जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर जेवणानंतरची साखर कमी चढते, तो वेगळा फायदा.

अक्कलकोट_रोड
मागावर बारा तास उभं राहणाऱ्यानं पण चालायचं का?

होम_मैदान
हो. उभं राहणं वेगळं, नाडी सलग वाढणं वेगळं. रात्रपाळी असेल तर झोपेचाही हिशेब करा. घोरणं फार असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी हटत नाही.

नाईटड्युटी
आत्ता ब्रेक आहे, एवढंच सांगते. छातीत दाब, जबडा-हात-पाठ दुखणं, दरदरून घाम, धाप. यातलं काही असेल आणि १० मिनिटांत गेलं नाही तर "पित्त झालंय" म्हणून सोडा पिऊन झोपायचं नाही. बायकांत आणि मधुमेहींत छातीत दुखेलच असं नाही, नुसती धाप आणि मळमळ असू शकते. १०८ लावा. स्कूटरवर बसवून आणू नका. अॅस्पिरिनची ॲलर्जी किंवा कुठं रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅम चावून खायची, अख्खी गिळायची नाही. छातीदुखीची जिभेखालची गोळी दुसऱ्याच्या डब्यातून द्यायची नाही, बीपी धाडकन पडतं.

आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी पळू नका. तो पुन्हा काढावा लागतो, ट्रोपोनिनही (हृदयाला इजा झाली का सांगणारी रक्ततपासणी) काही तासांनी परत बघतात. नातेवाईक इथंच भांडतात आमच्याशी.

पूर्वभाग
ताई, तुम्ही काही खाल्लं का?

नाईटड्युटी
बिस्किट 🙈 आहारवही ताई वाचू नका.

आहारवही
वाचलं. उद्यापासून डब्यात फुटाणे आणि पेरू. डाळिंब आपल्याच जिल्ह्यातलं, ते पण चालेल, रस काढून नको, दाणे खा.

बार्शीचा
हुरड्याचं कुणी बोललंच नाही. त्यात साखर किती?

आहारवही
हुरडा म्हणजे कोवळी ज्वारीच. वाटीभर खाल्ला तर त्या वेळची भाकरी वजा. पण हुरड्याबरोबर गूळ, शेव, चटणी, दही आणि वर जेवण, असा बेत असतो आपला.

पुण्यातला_सोलापूरकर
एवढं वाचून घाबरलो. कडक भाकरी आणायची का नाही मग?

उखळमुसळ
आण की बे. शनिवारी आमचा भाचा निघालाय, देतो त्याच्याकडं. चटणी पाव किलोच पाठवतो, मीठ पाऊण चमचा घातलेली. अळणी लागली तर इथं येऊन ओरडू नको, लिंबू पिळ.