रात्री गेटवर गाडीचा नंबर वाचता येत नाही, लेन्स बदलायची की सेटिंग?

सोसायटीच्या गेटवर ४ मेगापिक्सेलचा बुलेट (नळीच्या आकाराचा) सीसीटीव्ही कॅमेरा आहे, लेन्स २.८ एमएम फिक्स, गाडी थांबते साधारण १२ मीटरवर. दिवसा नंबर कसाबसा वाचता येतो पण रात्री हेडलाइट आणि कॅमेऱ्याच्या आयआरमुळे (इन्फ्रारेड लाइट) प्लेट नुसती पांढरीफटक. शटर १/२५ वरून १/२५० केलं तर आकडे जरा दिसायला लागले पण बाकी सगळं काळंकुट्ट, वॉचमनपण दिसेना. एचएलसीने (प्रखर उजेड दाबणारी सेटिंग) थोडाच फरक, डब्ल्यूडीआरने (उजेड-अंधार दोन्ही सांभाळणारी सेटिंग) उलट दाणे वाढले. काच पुसलीये, फोकस ठीक आहे, कॅमेरा पुढे सरकवता येणार नाही. २.८ चा अँगल १०० अंशांच्या आसपास धरला तर प्लेटला जेमतेम ४०-४५ पिक्सेल मिळत असणार. मग फक्त नंबरसाठी वेगळा १२ एमएमचा कॅमेरा लावावा की हाच काढून २.८-१२ व्हेरिफोकल (झूम कमी-जास्त करता येणारा) पुरेल, आणि रात्री शटर, गेन (सिग्नल वाढवून चित्र उजळ करणारी सेटिंग) किती ठेवता?