क्रिएटिनीन ठीक असताना बीके विषाणूची तपासणी कशासाठी?

शाहूपुरीकर: किडनी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाचे क्रिएटिनीन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) स्थिर असताना बीके या किडनीला इजा करू शकणाऱ्या विषाणूची पीसीआर (रक्तातला विषाणू मोजणारी चाचणी) दर महिन्याला करायला लावणे हा निव्वळ भुर्दंड आहे. क्रिएटिनीन वाढले, की मग तपासावे.

कागलकर: हे वाचून गप्प बसवत नाही. क्रिएटिनीन वाढते तोवर किडनीच्या नलिकांचे नुकसान सुरू झालेले असते, आणि रक्तात विषाणू त्याच्या कितीतरी आधी दिसू लागतो. त्यावर खात्रीचे औषध नाही. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या वेळेत कमी करणे एवढेच हाती असते. म्हणूनच 2024 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात पहिले 9 महिने दरमहा आणि पुढे 2 वर्षांपर्यंत दर 3 महिन्यांनी तपासणी सांगितली आहे. माझ्या धाकट्या भावाला आईने किडनी दिली. क्रिएटिनीन 1.2 असतानाच त्याच्या रक्तात बीके सापडला, डॉक्टरांनी मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी कमी केली आणि ती किडनी आजही चालते आहे.

शाहूपुरीकर: भावाचे बरे झाले याचा आनंद आहे, पण एका घरच्या अनुभवावरून सगळ्यांना नियम लावू नका. माझ्या वडिलांच्या गोळ्या एकाच रिपोर्टवरून कमी केल्या, रिजेक्शन झाले (शरीराने नवी किडनी नाकारली) आणि स्टेरॉइडची इंजेक्शने घ्यावी लागली. त्याच आठवड्यात दुसऱ्या लॅबचा आकडा कितीतरी कमी आला होता. कोणता खरा मानायचा?

राजारामपुरीतला लॅब तंत्रज्ञ: मला या आकड्यांबद्दलच बोलायचे आहे, कारण रुग्ण दोन रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरतात. प्रत्येक लॅबचे किट वेगळे असते आणि बीकेच्या उपप्रकारांनुसार मोजणीत फरक पडतो. सीएमव्ही या प्रत्यारोपणानंतर तपासल्या जाणाऱ्या दुसऱ्या विषाणूच्या बाबतीत तर प्लाझ्मा घेतला की संपूर्ण रक्त, यावरही आकडा बदलतो. सीएमव्हीचे आकडे सगळ्या लॅबमध्ये जुळावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण 2010 पासून आहे, तरी नुसत्या कॉपीजमध्ये (विषाणूच्या डीएनएच्या प्रतींमध्ये) लिहिलेले रिपोर्ट अजून हाती येतात. शिवाय जांभळ्या झाकणाच्या नळीतून प्लाझ्मा वेळेत वेगळा केला नाही, तर पांढऱ्या पेशींमधला सीएमव्हीचा डीएनए त्यात उतरतो. पुण्या-मुंबईला नमुना पाठवताना कुरिअरची गाडी चुकली, तर ही काळजी कोण घेतो? तपासण्या एकाच लॅबमध्ये करा आणि आकडा चढतो आहे की उतरतो आहे ते पाहा.

कागलकर: म्हणजे दोष तपासणीचा नाही, ती वाचणाऱ्याचा आहे! दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा बीकेचा आकडा रक्ताच्या दर मिलीलीटरला 1000 कॉपीजच्या वर, किंवा एकदा 10,000 च्या वर गेला, तर गोळ्या कमी कराव्यात असे तेच मार्गदर्शन सांगते. तुमच्या वडिलांचा आकडा किती होता?

शाहूपुरीकर: 10,000 च्या बराच खाली. पुन्हा तपासायला हवे होते, एवढे मान्य करतो. तुमच्या सुरामुळे नव्हे, तंत्रज्ञांनी नीट सांगितले म्हणून. पण ऊसतोडीवर जगणाऱ्या घराने दरमहा हे पैसे आणायचे कुठून, याचे उत्तर तुमच्यापैकी एकानेही दिलेले नाही.

कागलकर: मग मागणी ती करा. प्रत्यारोपणाला सरकारी योजनेतून मदत मिळते, तशी पहिल्या 2 वर्षांच्या पीसीआरलाही मिळायला हवी. त्या अर्जावर पहिली सही मी करीन, पण तपासणीच नको असे लिहाल तर पुन्हा विरोध करीन.